सात नंबरची हडपसर गाडी

रात्रीचे अडीच. आमच्या ऑर्थो वॉर्डातले सात नंबरचे काका उठून बसले आणि तिकिटं फाडायला लागले. डाव्या हातात नसलेली पेटी, उजव्यात नसलेला पंच. चिमटीने तिकीट ओढायचं, टिचकन भोक पाडायचं. "पुलगेट, फातिमानगर, रामटेकडी... चला पुढे सरका, दारात गर्दी नको." शेजारच्या पेशंटकडे सुट्टे मागितले. कोणीतरी फिसकन हसलं. खोटं कशाला बोलू, मलाही हसूच आलं.

मग हात लावून बघितलं. अंग घामाने निथळत होतं, नाडी १३०, बोटं थरथरत होती. मधेच तिकिटं सोडून ते चादरीवरच्या मुंग्या झटकायचे. चादरीवर मुंगी एकही नव्हती.

काका पुण्याच्या सिटी बसचे, म्हणजे पीएमटीचे कंडक्टर, २००७ मध्ये तिची पीएमपीएमएल झाली त्याच्या आधीच रिटायर झालेले. तीन दिवसांपूर्वी जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी प्लेट बसवली. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "भुलीनंतर होतं म्हाताऱ्यांना असं, हात बांधा." वॉर्डबॉय मामा पट्ट्या घेऊन आलेसुद्धा. मी फाइल उघडली. 'व्यसन : नाही.' अक्षर माझंच.

भरती करताना मी विचारलं होतं, "काका, दारूबिरू नाही ना घेत?" म्हणजे उत्तरही मीच पुरवलं. वर शेजारी काकू आणि जावई उभे. जावयासमोर कोण हो म्हणेल?

बाहेर बाकावर झोपलेल्या काकूंना उठवलं. आधी "छे हो ताई." मग पदर तोंडाला लावून हळूच, "रोज दोन क्वार्टर. वीस वर्षं झाली." म्हणजे दिवसाला ३६० मिली, आणि पडल्यापासून एकदम बंद!

दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं दाबल्यावर मेंदूही उलटा जोर लावायला शिकतो. दारू अचानक थांबली की दाब जातो, जोर तसाच राहतो. मग थरथर, घाम, कधी फिट, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हा भ्रम, डेलिरियम ट्रेमेन्स. यात माणूस दगावतो. जन्मभराचं काम हात आपोआप करायला लागतात, हे मी शिकताना वाचलं होतं. बघत होते पहिल्यांदाच.

मानसोपचाराच्या सरांना झोपेतून बोलावलं. त्यांनी मेंदू शांत करणारं लोराझेपाम दिलं आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन लावायला सांगितलं. रोज पिणाऱ्यांच्या अंगात हे जीवनसत्त्व बरेचदा संपत आलेलं असतं, तशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मामा पट्ट्या परत घेऊन गेले.

चार दिवसांनी काका भानावर आले. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पैसे नाही ना घेतले मी कुणाकडून?"

डिस्चार्जच्या दिवशी काकूंनी मला कोपऱ्यात घेतलं. "ती दारू सोडवायची गोळी चहात घालू का, गुपचूप?" डायसल्फिराम म्हणायचं होतं त्यांना. ती पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, धाप लागते, बीपी कोसळतं. न सांगता दिली तर जिवावर बेतू शकतं. मी जरा रागावलेच. नंतर वाईट वाटलं, त्यांनी वीस वर्षं काय काय करून बघितलं असेल.

सरांनी काकांना स्वतःलाच विचारलं, मग येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची माहिती दिली. थरथर आठवड्यात जाते, पण पुढे महिनोन्‌महिने झोप नीट लागत नाही, संध्याकाळी सात वाजले की जीव कासावीस होतो, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

वर्षभराने काका मनगटाच्या ऑपरेशनला आले. फॉर्म माझ्याच हातात, काकू आणि जावई तसेच शेजारी. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "लिहा सिस्टर. रोज दोन क्वार्टर होत्या. मधे भाच्याच्या लग्नात घसरलो, त्यालाही आता सात महिने झाले. तेही लिहा."

रकान्यात जागा 'हो' किंवा 'नाही' एवढीच. मी समासात लिहिलं.