पोछा मारून कुलूप लावलं, तिथेच चुकलं

दार उघडलं आणि आधी वास आला. ओला टॉवेल आठवडाभर पिशवीत राहिला की येतो तसा, फक्त अख्ख्या घराला. दोन महिने घर बंद होतं. खुंटीवरचा चामड्याचा पट्टा काढायला गेलो तर बोटांना पिठासारखं काहीतरी लागलं. काळा पट्टा राखाडी झाला होता, आणि नीट पाहिलं तर त्यावर बुरशीची बारीक लव उगवली होती. मग एकेक सापडत गेलं. बूट, कपाटामागची भिंत, गादीची खालची बाजू, इस्त्री करून ठेवलेल्या सुती शर्टांच्या कॉलरी.

मला राग आला तो स्वतःचाच. कारण निघताना मी घर अगदी चकाचक करून निघालो होतो. सकाळी उठून कपडे धुतले, घरातच दोरीवर वाळत घातले, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, शेवटी सगळीकडे पोछा मारला, खिडक्या घट्ट लावल्या आणि कुलूप. थोडक्यात, दोन बादल्या पाणी मी हवेत सोडलं आणि वर झाकण लावलं. बंद घर कोरडं राहतं असं मी कशाच्या जोरावर धरून चाललो होतो, देव जाणे.

साफसफाईत चार दिवस गेले. पहिल्याच तासात एक चूक केली, कोरड्या ब्रशने भिंत घासली. बुरशीचे कण खोलीभर उडाले आणि मी शिंकून बेजार. मग एन-९५ मास्क लावला, साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसून काढलं, लगेच कोरड्या फडक्याने टिपलं आणि पंखा लावून भिंत वाळू दिली. कपडे धुऊन कडक उन्हात. पट्टा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातली पुस्तकं मात्र गेली. कॉलरींचं कोडं नंतर उलगडलं. बुरशीला नुसती ओल पुरत नाही, खायलाही लागतं. खळ, घामाचा अंश, धूळ, पुठ्ठा, चामडं, सगळं तिला चालतं. एकदाच घालून ‘अजून स्वच्छ आहे’ म्हणून ठेवलेला शर्ट म्हणजे तिची सोयच.

पुढच्या उन्हाळ्याआधी एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारा मापक, आणला. तो बरोबर दाखवतो का हे बघायची एक सोपी युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं आणि ते झाकण मापकासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. आत आर्द्रता ७५ टक्के झालेली असते. माझ्या मापकाने ७९ दाखवली. म्हणजे गडी चार जास्त सांगतो. ते मी त्याच्या पाठीवरच लिहून ठेवलं.

मग पंधरा दिवस मला नादच लागला. मापक घेऊन घरभर फिरायचो. खोलीच्या मधोमध ६४, आणि बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटात ७३. सर्वसाधारण हिशेब असा, की आर्द्रता ६० च्या खाली ठेवली तर बुरशीला जम बसवता येत नाही. ५० च्या आसपास असेल तर उत्तमच. माझं घर भरलेलं असतानाच त्या रेषेच्या वर होतं, मग बंद केल्यावर काय होणार?

कपाटामागेच जास्त का, याचं उत्तर हवेच्या स्वभावात आहे. ३० अंशांची हवा घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम वाफ धरू शकते, २५ अंशांची फक्त २३ ग्रॅम. बाहेर ३० अंश आणि ७० टक्के, म्हणजे घनमीटरमागे २१ ग्रॅम. ही हवा सावलीतल्या गार भिंतीपाशी जाऊन २५ अंशांवर आली की तीच ९० टक्क्यांच्या पुढे जाते. वाफ वाढलेली नसते, तिला मावायची जागा कमी होते. ‘जरा हवा खेळू दे’ म्हणून दमट दुपारी खिडकी उघडायची माझी सवय तेव्हापासून सुटली.

त्या वर्षी कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवले, ओल शोषून खाली पाणी साठवतात ते. बंद कपाटात ते चांगलं काम करतात. मी मात्र उत्साहाने दिवाणखान्यातही दोन ठेवले. परत आलो तर दोन्ही काठोकाठ भरलेले आणि खोली होती तशीच. आणि जो एक पत्र्याच्या पेटीवर ठेवला होता, त्यातलं खारट पाणी झिरपून पेटीला गंज चढला. डांबरगोळ्याही टाकून पाहिल्या. त्या कसरीला पळवतात, ओलीशी त्यांचा संबंध नाही. घराला फक्त दुसरा एक वास आला.

तिसऱ्या वर्षी डीह्युमिडिफायर घेतला, हवेतली ओल ओढून तिचं पाणी टाकीत साठवणारं विजेचं यंत्र. इथे एक गोष्ट मला वेळेवर सुचली याचं अजून बरं वाटतं. या यंत्राची टाकी भरली की ते आपणहून बंद पडतं. घरात कोणी नसताना टाकी कोण रिकामी करणार? म्हणून मागच्या तोंडाला नळी लावून ती न्हाणीघराच्या मोरीत सोडायची ठरवलं. पाणी उताराने जातं, म्हणून यंत्र एका भक्कम स्टुलावर चढवलं. नळी मध्ये कुठे वर उचललेली राहू दिली नाही. दुसरी शंका विजेची होती. चालू यंत्राचा प्लग काढला, मिनिटाभराने पुन्हा लावला, तर पठ्ठ्या गप्प. वीज एकदा गेली असती तर दोन महिने तो नुसता शोभेला उभा राहिला असता. ते परत करून, वीज आल्यावर आपोआप सुरू होणारं घेतलं. विकत घेताना हे कोणी सांगत नाही.

निघायच्या तीन दिवस आधीच ते ५५ वर लावून चालू केलं. पहिल्या दिवशी मुद्दाम नळी बादलीत सोडून बघितलं, तर जवळपास पाच लिटर पाणी! एवढं पाणी आपल्या गाद्या, पडदे आणि पुस्तकांत मुरलेलं होतं हे बघून बायको म्हणाली, “आपण राहतो घरात की विहिरीत?” शेवटचा पोछा दोन दिवस आधी. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे, त्यांची दारं उघडी, गाद्या उभ्या, आतल्या खोल्यांची दारं उघडी, वॉशिंग मशीनचं झाकण उघडं. खिडक्या मात्र सगळ्या बंद. पाण्याचा मुख्य कॉक बंद केला आणि मोऱ्यांच्या जाळ्यांत पाणी ओतून वर चमचाभर तेल सोडलं, म्हणजे ते पाणी लवकर उडत नाही आणि गटाराचा वास वर येत नाही.

किल्ली शेजारच्या काकूंकडे. दर रविवारी मापकाचा फोटो पाठवायचं त्यांनी कबूल केलं. ५४, ५५, ५३. चौथ्या रविवारी एकदम ७१. पोटात गोळा आला. फोन केला.

“काकू, यंत्र चालू आहे ना?”

“चालू आहे रे, सारखं घुरघुरतंय. एवढं कोंदट घर, मला बघवेना. सकाळीच येऊन खिडक्या उघडून गेले सगळ्या.”

माया होती, काय बोलणार! यंत्र बिचारं बाहेरचं जग कोरडं करायला निघालं होतं. त्यांना म्हटलं, काकू, त्याला थंडी वाजते, खिडक्या लावून घ्या. दुसऱ्या दिवशी ५६ चा फोटो आला.

परतलो तेव्हा दार उघडून आधी नाकच पुढे केलं. काही नाही. नवा पट्टा काळाच्या काळा. मग फ्रिजकडे गेलो. तो रिकामा करून, पुसून, दाराच्या फटीत वर्तमानपत्राची गुंडाळी अडकवली होती. ती खाली पडली होती आणि दार आपसूक लागलं होतं. आतला वास इथे लिहीत नाही. रबराच्या घड्यांमधला काळा थर जुन्या टूथब्रशने काढता काढता संध्याकाळ झाली, अजून एक कोपरा राहिलाच आहे. यंदा गुंडाळी नाही, टॉवेल दोरीने बांधणार आहे.