तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, ऐन कार्यक्रमात बंद पडला तर?

‘आम्ही चौघंच. गायिका, कीबोर्ड, गिटार आणि ढोलकी-ऑक्टोपॅड. व्हायोलिन आणि कोरस ट्रॅकवर घ्यायचेत. सोसायटीच्या गणपतीत ट्रॅक दगा देऊ नये म्हणून काय करायचं?’ पुण्यातले छोटे बँड दरवर्षी श्रावण लागला की हेच विचारतात.

आधी अरेंजमेंट ठरवा, वायरी नंतर. ट्रॅक कुठल्याही मात्रेवर थांबला तरी गाणं उभं राहिलं पाहिजे. त्यासाठी ठेका माणसाच्या हातात हवा आणि बेस कीबोर्डच्या डाव्या हातात. ट्रॅकवर व्हायोलिनचा ताफा, कोरस, फार तर शेकर. ठेकाच ट्रॅकवर टाकलात, तर तो थांबताक्षणी गायिका एकटी पडते आणि तिथून गाणं सावरत नाही.

आता क्लिक, म्हणजे वाजवणाऱ्याला कानात लय दाखवणारी टकटक. सोपी रीत म्हणजे एकाच स्टिरिओ फाइलमध्ये डावीकडे क्लिक, उजवीकडे मोनो ट्रॅक. मोनोनं मांडवात काही बिघडत नाही, कारण निम्मे लोक एकाच स्पीकरसमोर बसलेले असतात. पण फोनच्या हेडफोन-जॅकमध्ये डाव्या-उजव्या बाजूची ग्राउंड, म्हणजे परतीची तार, एकच असते. तिथून क्लिक ट्रॅकमध्ये बारीक झिरपतो आणि शांत आलापाच्या वेळी मांडवात ‘टक टक’ ऐकू येते. म्हणून चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड) घ्यावा असं माझं ठाम मत आहे. १ नंबरमधून ट्रॅक डीआय बॉक्सला (सिग्नल बॅलन्स्ड करून मिक्सरला देणारी डबी), ३ नंबरमधून क्लिक ढोलकीवाल्याच्या हेडफोन अँपला. क्लिक आणि ट्रॅक एकाच यंत्रातून निघाले की दोघांना उशीर सारखाच होतो, त्यामुळे बफर (लॅपटॉप आवाज आधीच साठवून ठेवतो तो साठा) १०२४ सॅम्पल ठेवला तरी चालतं आणि लॅपटॉप अडखळत नाही.

क्लिकसाठी ब्लूटूथ इअरफोन मात्र नको. आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो, आणि १२० च्या लयीत एक ठोकाच ५०० मिलिसेकंदांचा असतो. क्लिक न घेता समोरच्या स्पीकरवर ट्रॅक ऐकून वाजवणंही तसंच. १० मीटरवरून आवाज यायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात, तेवढा ठेका मागे ओढला जातो. केरव्याला ८, दादऱ्याला ६ मात्रांचा क्लिक करा, समेचा ठोका उंच स्वरात ठेवा, सुरुवातीला दोन आवर्तनं रिकामी द्या आणि वळणाआधी बोलून ‘अंतरा’ असं रेकॉर्ड करा.

एक चूक फार वेळा दिसते. फोनचा स्टिरिओ जॅक अडॅप्टर लावून थेट मिक्सरच्या कॅनन (तीन पिनांच्या एक्सएलआर) इनपुटमध्ये खुपसतात. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक घेतो, त्यामुळे डावी-उजवीकडे जे सारखं असतं, म्हणजे बेस आणि मधोमध ठेवलेली वाद्यं, ते एकमेकांना खाऊन टाकतं. ट्रॅक पोकळ वाजतो आणि दोष साउंडवाल्याला लागतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून स्टिरिओ जॅकपासून दोन पी-३८ (जाड, पाव इंची) मोनो जॅक निघणारी वायर घ्या, तीही दोन नग.

हम (सतत घुमणारा घूं आवाज) आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गेला, तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून प्रवाह फिरतोय. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण दाबा. चार्जरची अर्थ पिन मोडू नका. ओल्या मांडवात तीच जीव वाचवते.

सगळ्या फाइल वेव्ह (WAV), एकाच सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा). ४४.१ किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न होता ४८ वर वाजली, तर लय वाढते आणि सूर जवळजवळ दीड पट्टी चढतो. साथीला पेटी असेल तर तिचा सूर ट्यूनरवर मोजा आणि ट्रॅक तेवढे सेंट (एका पट्टीचा शंभरावा भाग) सरकवा, कारण पेटी जागेवर लावता येत नाही.

लॅपटॉपचं वाय-फाय, स्लीप, नोटिफिकेशन बंद. प्लेअरमधलं ‘पुढचं गाणं आपोआप’ हेही बंद, नाहीतर निवेदिका बोलत असताना पुढच्या गाण्याची व्हायोलिनं सुरू होतात. सुरू-बंदचं पेडल एकाच्याच पायाशी, शक्यतो ढोलकीवाल्याच्या. त्याच फाइल असलेला एक राखीव फोन, विमान मोडवर, शेजारच्या चॅनेलला जोडून म्यूट ठेवा. तो लयीत मध्येच जोडता येत नाही, पुढच्या गाण्यासाठी असतो. ट्रॅक अडकला की ढोलकीवाला हात वर करतो, पेडल दाबून ट्रॅक बंद करतो, आणि चौघं तसेच वाजवत राहतात. याची तालीम घ्या: चालू गाण्यात कुणीतरी न सांगता ट्रॅक थांबवायचा, प्रत्येक गाण्याला एकदा.

आणखी एक. मोजके सणाचे दिवस सोडले तर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद होतो. पावणेदहाला कार्यकर्ता खुणा करू लागतो, तेव्हा माणसं अंतरा गाळू शकतात, ट्रॅक नाही. शेवटच्या दोन गाण्यांची एकाच अंतऱ्याची प्रत वेगळी करून यादीत लगेच खाली ठेवा.