डिस्टिलरी बघायला जाणाऱ्या ठाणेकरांसाठी

रबाळे एमआयडीसीत सॉल्व्हंट रिकव्हरीच्या, म्हणजे वापरलेली द्रावणं पुन्हा शुद्ध करण्याच्या प्लांटवर मी केमिस्ट आहे. कामाला गेलं की समोर डिस्टिलेशनचा (ऊर्ध्वपातनाचा) कॉलम, स्टेनलेस स्टीलचा, चांगला चार मजली. वरून निघणारा माल शुद्ध हवा, एवढीच अपेक्षा. जीसीच्या, म्हणजे नमुन्यात काय काय आहे ते दाखवणाऱ्या यंत्राच्या आलेखावर एकच टोक उभं राहिलं की शिफ्ट नीट गेली म्हणायची. मी सुट्टी काढून गोव्याला व्हिस्की आणि जिनच्या डिस्टिलऱ्या बघायला जाते, हे ऐकून लोकांना वाटतं पिण्यासाठी जाते. पिणं तिथे होतं, घोटभर. मी जाते ते आमच्याच धंद्यातली मंडळी आमच्या अगदी उलट काय करतात ते बघायला.

पहिल्यांदा गेले ती कुंकळ्ळीला, पॉल जॉनची सिंगल मॉल्ट (एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या जवापासून काढलेली व्हिस्की) बनते तिथे. ठाण्याहून सकाळची मांडवी एक्सप्रेस पकडायची, मडगावला उतरायचं, कारवारच्या रस्त्याने पुढे गेलं की कुंकळ्ळी. भेटीचं बुकिंग आधी करून जावं. माझ्याबरोबर बाबा होते. ते मूळचे वेंगुर्ल्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि कुठल्याही कारखान्यात गेले की हिशेब विचारणारे.

तिथली तांब्याची पॉट स्टिल्स, म्हणजे डिस्टिलेशनची भांडी बघून मी थबकलेच. खाली फुगीर पोट, वर निमुळती होत गेलेली मान. आमच्याकडे तांबं वापरायचं म्हटलं तर मेंटेनन्सवाले वेड्यात काढतील, कारण ते झिजतं. इथे ते झिजण्यासाठीच लावलेलं असतं. जव अंबवताना गंधकाची संयुगं तयार होतात, त्यांना सडक्या कोबीसारखा वास येतो. वाफ तांब्याला घासून वर चढते तेव्हा ती संयुगं तांबं धरून ठेवतं. भांड्याचा पत्रा वर्षानुवर्षं पातळ होत जातो आणि शेवटी बदलावा लागतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या मानेवर हात ठेवून वाचलेलं आठवणं वेगळं.

मॉल्ट व्हिस्कीचं डिस्टिलेशन दोनदा होतं. अंबवलेलं पाणी ७-८ टक्के अल्कोहोलचं असतं, पहिल्या खेपेत ते वीस-पंचवीस टक्क्यांवर येतं. खरा खेळ दुसऱ्या खेपेत. आधी जे येतं ते हेड्स. त्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि एथिल अ‍ॅसिटेट, म्हणजे माझ्या रोजच्या ओळखीचा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. मग मधला भाग, हार्ट. शेवटी टेल्स, ओल्या फडक्याचा कुबट वास. कुठे सुरू करायचं आणि कुठे तोडायचं याला ते 'कट' म्हणतात. आम्हीही कट घेतो, पण शुद्धतेसाठी. इथे शुद्ध करून चालतच नाही. शुद्ध केलं तर हाती येईल ९६ टक्क्यांचं न्यूट्रल स्पिरिट, ज्याला कसलीच चव नाही. कुठली अशुद्धी ठेवायची आणि किती, हे ठरवणं म्हणजे व्हिस्की बनवणं. आमच्या भाषेत जे 'ऑफ-स्पेक', म्हणजे ठरल्या मापात न बसणारं, त्यातलं निवडून घेतलेलं.

तळहातावर कच्च्या स्पिरिटचा थेंब घेऊन दोन्ही हात चोळायचे आणि नाकाशी न्यायचे. आधी अल्कोहोल झणझणतं, ते उडून जाऊ द्यावं. मग येतो भिजवलेल्या धान्याचा वास, त्यामागे पिकलेल्या फळाचा. घाई केली तर यातलं काही कळत नाही. चाखताना पाण्याचे थेंब घालायला लाजू नका. वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की जुळवणारे ब्लेंडर लोक नमुना वीसेक टक्क्यांपर्यंत पातळ करूनच हुंगतात, कारण कडक अल्कोहोल नाक बधिर करतं.

व्हिस्की मुरायला ठेवतात त्या लाकडी पिंपांच्या गोदामात बाबांना त्यांचा हिशेब सापडला. गोव्याच्या उन्हात पिंपातून दरवर्षी सुमारे ८ टक्के माल हवेत जातो, स्कॉटलंडात सुमारे २ टक्के. बाबांनी विचारलं, "अगं, म्हणजे बारा वर्षांनी उरतं किती?" मी मोबाइलवर गुणाकार करून दाखवला: दोनशे लिटरच्या पिंपात तिकडे १५७ लिटर, इकडे ७४. "मग ठेवतीलच कशाला बारा वर्षं!" बाबांनी अगदी नेमकं धरलं. उष्णतेत लाकडाचा अर्कही लवकर उतरतो, म्हणून इथली व्हिस्की कमी वर्षांत तयार होते. लेबलवर वय नसलं तर नाक मुरडणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्याकडे 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त बाटल्यांत बराचसा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या न्यूट्रल स्पिरिटचा असतो. युरोपात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही, तिथे धान्य आणि किमान तीन वर्षं पिंपात, ही अट आहे. लेबल वाचायची सवय लावा. धान्याची, निगुतीने बनवलेली व्हिस्की इथेच तयार होते आणि बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने ती २००४ मध्ये थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली.

जिनचं वेगळं. तिथे न्यूट्रल स्पिरिटपासूनच सुरुवात आणि वर्षानुवर्षं थांबणं नाही. ज्युनिपर नावाच्या झुडपाची फळं हवीतच, बाकी धणे, ज्येष्ठमध, जायपत्री, लिंबाची साल. आपला मसाल्याचा डबाच. ग्रेटर दॅन ही जिन २०१७ मध्ये आली, तेव्हापासून गोव्यात जिनच्या छोट्या डिस्टिलऱ्या निघत गेल्या. मला आवडतो तो शेवटचा टप्पा, जिनमध्ये पाणी मिसळण्याचा. सालीतली आणि मसाल्यातली तेलं अल्कोहोलमध्ये विरघळलेली असतात. पाणी जास्त पडलं की ती बाहेर येतात आणि स्वच्छ जिन दुधाळ होते. टूरवर गेलात तर हे मुद्दाम विचारा, समजावणाऱ्याचा चेहरा खुलतो.

परतताना बाबा फेणीवर घसरले. काजूच्या बोंडांचा रस, पहिली धार उर्राक, मग पुढे फेणी, हे सगळं लहानपणी हद्दीपलीकडच्या नातेवाइकांकडे त्यांनी पाहिलेलं. काजूफेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, गोव्याचा म्हणून. आणि वेंगुर्ल्यात, जिथे काजूच्या जाती शोधणारं संशोधन केंद्र आहे, तिथे बी काढून घेतली की बहुतेक बोंडं झाडाखाली कुजतात. बाबांना हे लागतं. मलाही लागतं. तेच झाड, तीच माती, आणि मध्ये फक्त राज्याची हद्द.

हद्दीवरून आठवलं: गोव्यातली बाटली बॅगेत घालून महाराष्ट्रात आणू नका. त्यावर गोव्यातच विक्रीसाठी असं छापलेलं असतं, हद्दीजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते आणि गुन्हा दाखल होतो. जी आवडली तिचं नाव लिहून आणा आणि ठाण्यातल्या परवानाधारक दुकानात विचारा. महाराष्ट्रात व्हिस्की-जिनसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवानाही लागतो, तो काढून ठेवा. आणि चाखल्यावर गाडी चालवायची नाही, मडगावहून टॅक्सी करा. बाबा आणि मी तेच करतो.