आमची वाटचाल : स्वस्त युनिटच्या शोधात

इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स आणि अंधेरीत भाड्याचा गाळा, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. 2009 मध्ये वीज नियामक आयोगाने उपनगरांतल्या ग्राहकांना वायरी त्याच ठेवून रिलायन्सकडून टाटा पॉवरकडे जायची मुभा दिली आणि आमचा फोन वाजू लागला. त्यात बेसमेंटमध्ये पे अँड पार्क चालवणारे बरेच. प्रश्न एकच : युनिट कुणाकडे स्वस्त?

आम्हीही नुसते दर शेजारी-शेजारी मांडून द्यायचो. वहन आकार (दुसऱ्याच्या वायरी वापरायचं भाडं) आणि क्रॉस सबसिडीचा अधिभार (कंपनी सोडून जाणाऱ्याला लागणारा जादा आकार) धरला की कधी कधी फरक चहापाण्यापुरता उरायचा.

मग एका पार्किंगचं बिल ओळ न् ओळ वाचलं. कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे कंपनीकडून मंजूर करून घेतलेला कमाल भार, 75 केव्हीए; मीटरवर प्रत्यक्ष सर्वाधिक भाराचा आकडा 31. बिल्डरने कार लिफ्टसाठी घेतलेला भार. लिफ्ट कधी बसलीच नाही, त्या भारावरचा फिक्स्ड चार्ज मात्र चालू. आम्ही डिमांड 35 वर आणली आणि मिशीला पीळ दिला. हातात बिलं होती डिसेंबर ते मे. जुलैत बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, तिन्ही पंप पंख्यांच्या जोडीने चालले आणि आकडा गेला 44 वर. वरच्या डिमांडला दीडपट दर. मालक काही बोलले नाहीत, फक्त बिलाचा फोटो पाठवला. तो दंड आम्ही भरला. तेव्हापासून बारा महिन्यांची बिलं मिळाल्याशिवाय तोंड उघडत नाही.

तिथेच पंखे सापडले. साडेसात एचपीचे चार एक्झॉस्ट. वॉचमनने टायमरचा स्विच सुतळीने बांधून मॅन्युअलवर ठेवलेला. "साहेब, धूर कोंडतो." खरंच होतं त्याचं, पण रात्री दोनला खाली गाड्या तीन! कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवले. पंख्याचा वेग 80 टक्क्यांवर आला की वीज जवळपास निम्मीच लागते. आगीच्या वेळी मात्र पूर्ण वेग हवाच, त्याची जोडणी फायर पॅनेलवरून वेगळी केली. दर बदलून एवढे पैसे कधीच वाचले नव्हते.

हल्ली विचारणा असते सौर-पवनसारखी वीज थेट उत्पादकाकडून घ्यायची, म्हणजे हरित ओपन अ‍ॅक्सेसची. 2022 च्या नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा 100 किलोवॉटवर आली खरी, पण आमची बहुतेक पार्किंग त्याच्या निम्म्यातही नाहीत. ईव्ही चार्जिंगला मात्र 2018 पासून राज्यात स्वतंत्र दर आहे, त्यासाठी मीटर वेगळा घ्यावा लागतो. गेल्या आठवड्यात मालाडहून बिल आलंय : दहा चार्जर, सगळे पार्किंगच्याच मीटरवर. सोमवारी जाऊन बघायचंय.