वर्तनाची रोजची नोंद आणि घंटा वाजवण्याचा मान

प्राथमिक शाळेत वर्तनाची नोंद ठेवण्याची एक पद्धत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. बाई कार्यालयात गेल्या की मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो, बोलणाऱ्यांची नावे लिहितो आणि पुन्हा बोलणाऱ्याच्या नावापुढे फुली मारतो. ही नोंद रोज होते, सर्वांसमक्ष होते, तरीही तिने एखादा वर्ग सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. शांत बसलेल्या मुलाचे नाव त्या यादीत कधीच येत नाही आणि ज्याचे नाव आले त्याने पुढे काय करावे हे ती सांगत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते आणि काही वर्षांपासून वर्तनाची रोजची नोंद व त्याला जोडलेले छोटे बक्षीस अशी रीत वर्गात ठेवली आहे. शिक्षण परिषदेत बरोबरीचे शिक्षक तिच्याबद्दल विचारतात, तेव्हा चर्चा बक्षिसांवरच घुटमळते. माझ्या मते या रीतीतले खरे काम नोंद करते. बक्षीस तिच्या मदतीला असते.

नोंदीचे कार्ड तळहातावर मावेल एवढे असते. त्यावर तीनच वाक्ये असतात: तास सुरू होताना वही-पेन्सिल काढून बसलो, बोलण्याआधी हात वर केला, भांडण होऊ लागले तेव्हा बाईंना सांगितले. 'गोंधळ घालू नये' किंवा 'शिस्तीत राहावे' अशी वाक्ये मी मुद्दाम टाळते, कारण आठ वर्षांच्या मुलाला शिस्त म्हणजे नेमकी कोणती कृती हे त्यातून कळत नाही. दिवसाचे तीन भाग केलेले असतात: परिपाठापासून छोट्या सुट्टीपर्यंत, छोट्या सुट्टीपासून पोषण आहारापर्यंत आणि तिथून शाळा सुटेपर्यंत. प्रत्येक भाग संपला की मी मुलाला जवळ बोलावून प्रत्येक वाक्यापुढे दोन, एक किंवा शून्य लिहिते आणि तो आकडा का दिला हे एका वाक्यात सांगते. मिळालेले गुण नंतरच्या वागण्यासाठी कधीही कापले जात नाहीत. सकाळी हजेरीच्या वेळी मूल कार्ड घेऊन जाते, संध्याकाळी बेरीज करते आणि घरी दाखवून सही आणते. ज्या घरी अक्षरओळख नाही तिथे अंगठा किंवा आजीने काढलेले फूलही मला चालते.

असे कार्ड सगळ्या वर्गाला देण्याची गरज नसते. ज्या चार-दोन मुलांना एरवीच्या सूचनांनी मदत होत नाही, त्यांच्यापुरतेच ते ठेवावे. बक्षिसासाठी दिवसाअखेर किती गुण हवेत हे सुरुवातीचे लक्ष्यही मुलाच्या आवाक्यातले हवे. ते ठरवण्याआधी काही दिवस मी नुसते निरीक्षण करते आणि दर चार-पाच दिवसांतले निदान तीन-चार दिवस ते साध्य होईल अशा बेताने आकडा ठरवते. एरवी ज्याला शाळेत रोज बोलणीच ऐकावी लागतात, त्याला पहिल्याच आठवड्यात यश दिसले नाही, तर ते कार्ड त्याच्यासाठी फळ्यावरच्या नावांच्या यादीसारखेच होते.

संपूर्ण वर्गासाठी मात्र वेगळी व्यवस्था लागते आणि तिचे एक जुने व नीट अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले आहे. १९६९ साली हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉन्डर्स आणि मॉन्ट्रोस वुल्फ यांनी चौथीच्या एका वर्गात खेळाच्या रूपात केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतल्या सॉन्डर्स या त्या वर्गाच्या शिक्षिकाच होत्या. वर्गाचे दोन गट केले, नियम सांगितले आणि नियम मोडला की त्या गटाच्या नावाखाली फळ्यावर एक खूण केली. कमी खुणांचा गट जिंकत असे, पण दोन्ही गटांच्या खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोन्ही जिंकत. बक्षिसे साधी होती: छातीवर लावायची पट्टी, तक्त्यावर तारा, जेवणाच्या रांगेत पहिला मान, दिवसाच्या शेवटी आवडीच्या कामासाठी वेळ. गणिताच्या तासाला परवानगीशिवाय बोलण्याचे प्रमाण निरीक्षणाच्या सुमारे ९६ टक्के वेळांवरून १९ टक्क्यांपर्यंत खाली आले आणि खेळ थांबवताच ते पुन्हा वर गेले. हे दुसरे निरीक्षण मला पहिल्याइतकेच मोलाचे वाटते, कारण फरक खेळामुळेच पडला होता हे त्यातून कळते आणि सवय लागण्याआधी व्यवस्था एकदम काढून घेतली तर काय होते हेही कळते. त्या वर्गातही दोन मुलांनी आपण खेळणार नाही असे जाहीर केले होते आणि त्यांना गटातून वेगळे करावे लागले. एका मुलामुळे सगळ्या गटाने हरावे आणि मधल्या सुट्टीत त्याला बोल ऐकावे लागावेत, हा गटपद्धतीचा खरा धोका आहे. माझ्या वर्गात दोन्ही गट जिंकू शकतात हा नियम मी म्हणूनच कधी सोडत नाही आणि खुणाही चांगल्या कृतीसाठीच करते.

बक्षिसाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी गंभीरपणे घेते. मॉन्टेसोरी पद्धतीने बक्षीस आणि शिक्षा दोन्ही नाकारली, आणि ताराबाई मोडकांच्या कामातून तो विचार आपल्याकडच्या बालशिक्षणात रुजला. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या अभ्यासातही याला आधार सापडतो. ज्यांना स्केचपेनने चित्र काढायला मनापासून आवडत होते, अशा काही मुलांना चित्रासाठी प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितले. पुढे मोकळ्या वेळेत ती मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नाही. यावरून मी माझ्यापुरता नियम केला आहे की, जे मूल आवडीने करते त्यावर बक्षीस लावायचे नाही. गोष्टीचे पुस्तक वाचणे, चित्र काढणे, नव्या मुलाला शेजारी बसवून घेणे, यांना गुण नाहीत. जी गोष्ट अजून जमतच नाही आणि जमल्याशिवाय तिची गोडीही कळणार नाही, तिच्यापुरताच हा टेकू द्यावा.

बक्षीस खाऊचे किंवा पैशाचे नसावे, यावर मी ठाम आहे. शाळेची घंटा वाजवणे, परिपाठात बातम्या वाचणे, ग्रंथपेटीतून सर्वांच्या आधी पुस्तक निवडणे, दुपारी मैदानावर दहा मिनिटे जास्त मिळणे, यांना खर्च नाही आणि मुलांच्या नजरेत त्यांची किंमत फार मोठी असते. यातले बहुतेक मान एरवी हुशार आणि शांत मुलांनाच मिळत आलेले असतात. ज्याच्याकडे घंटेचा दांडा कोणी कधी दिलाच नव्हता, त्याच्या हाती तो देणे हा शाळेने त्याच्यावर टाकलेला विश्वास असतो.

"बाई, ऐकला नाही तर द्या दोन ठेवून," असे सांगणारे पालक आजही भेटतात आणि ते प्रेमापोटीच तसे म्हणतात. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली आहे, हे मी त्यांना सांगते. पण नुसता कायदा सांगून त्यांचे समाधान होत नाही. महिन्याभराची कार्डे समोर मांडली की बोलणे सोपे होते, कारण तेव्हा तक्रारीऐवजी माहिती समोर असते.

या माहितीचा सर्वांत मोठा उपयोग मला एका मारकुट्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत झाला. त्याच्या कार्डांवर शून्ये होती, पण ती जवळजवळ सगळी पोषण आहाराच्या आधीच्या भागात होती. जेवणानंतरचे आकडे इतर मुलांसारखेच होते. विचारपूस केल्यावर कळले की आई पहाटेच मजुरीला जाते आणि मूल उपाशीपोटी शाळेत येते. त्यानंतर छोट्या सुट्टीत त्याला काही तरी खायला मिळेल अशी सोय आम्ही केली, आणि त्या भागातले आकडे बदलू लागले. वर्षाअखेरीच्या वर्णनात्मक नोंदीत 'वर्गात भांडतो' असे लिहिणे सोपे आहे. तो केव्हा भांडतो हे लिहायला रोज पाहावे लागते. फळ्यावरचे लिहिताना एखादी सारखी चुकू लागली, तर आरोग्य तपासणीच्या पथकाची वाट न पाहता तिची दृष्टी तपासून घ्यावी. सगळे नीट करूनही कार्डावर काहीच हालत नसेल, तर लक्ष्य, ऐकू येणे, घरची परिस्थिती आणि गरज पडल्यास तज्ज्ञांचा सल्ला, या क्रमाने शोध घ्यावा लागतो. बक्षीस वाढवत नेल्याने तिथे काही साधत नाही.

कार्ड बंद करतानाही मी घाई करत नाही. आकडे सलग काही आठवडे चांगले राहिले की आधी तीन नोंदींच्या जागी दिवसातून एकच नोंद होते आणि मान रोजच्याऐवजी आठवड्याच्या शेवटी मिळतो. मग मूल स्वतःचे आकडे स्वतः लिहिते, मी माझे वेगळे लिहिते आणि शाळा सुटताना आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहतो. जिथे आकडे जुळत नाहीत, तिथे मी आधी त्याचे म्हणणे ऐकून घेते. बहुतेक मुले स्वतःला माझ्यापेक्षा कमी गुण देतात, आणि त्या कमी गुणांचे कारण त्यांना बारकाईने सांगता येते. ते कारण त्यांनी आपणहून सांगितले की पुढच्या आठवड्यापासून कार्ड देण्याची गरज नाही, असे मी समजते.