वरची हवा, खालची हवा

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, नौपाड्यातले जुने घर मोडताना आणलेला तांब्याचा बंब आहे. सध्या त्यात मनी प्लँट वाढतो. घर उबदार ठेवण्यासाठी विस्तव पेटवण्याची वेळ ठाण्यात कुणावर येत नाही. तरीही गेल्या हिवाळ्यापासून आठवड्यातून एकदा तरी रात्री दहाच्या सुमारास मी एका शेकोटीची हवा कमीजास्त करत बसतो. शेकोटी आहे एडिंबरोला, मुलीच्या घरी. तिथे तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात आणि डिसेंबरात एव्हाना सूर्य मावळलेला असतो.

"बाबा, काच पुन्हा काळी झाली."

भिंतीतल्या उघड्या शेकोटीच्या कोनाड्यात बसवलेली, काचेच्या दाराची ही ओतीव लोखंडी पेटी. तिकडे तिला इन्सर्ट म्हणतात. उघड्या शेकोटीची बहुतेक ऊब धुराड्यातून आभाळात जाते, बंद पेटीत मात्र किती हवा आत घ्यायची हे आपल्या हाती राहते. त्यासाठी दोन दांड्या असतात. खालची ओढली की जाळीखालून हवा येते. वरची ओढली की हवा लोखंडाच्या अंगाने तापत येऊन काचेवरून खाली उतरते.

मी तिथे राहायला गेलो तेव्हा वरच्या दांडीकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, कारण माझे सारे शिक्षण बंबावर झालेले. राखेचे दार उघडावे, जाळी हलवावी, ढलप्या आणि करवंट्या वरून सोडाव्यात आणि धूर झाला तर खालून फुंकावे. निखाऱ्यांना खालचीच हवा मानवते, म्हणून बंबापुरते ते बरोबरच होते. लाकडाचे तसे नाही. वाळलेले लाकूड तापले की त्याच्या वजनाचा तीनचतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग वायू होऊन निघतो, आपण ज्वाळा म्हणतो ते त्या वायूंचेच जळणे असते, आणि ते नीट जळायचे तर त्यांना वरून, तापलेली हवा मिळावी लागते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, याचा आम्हा ठाणेकरांना फार अभिमान. पण वाफेच्या इंजिनावरचा फायरमन राखपेटीच्या झडपेने खालची हवा सांभाळतानाच कोळसा टाकण्याचे दार किंचित उघडे ठेवून वरूनही हवा देत असे, हे मला तोवर कधी सुचले नव्हते.

एका रात्री तर मी कहर केला. विस्तव सकाळपर्यंत टिकावा म्हणून चार मोठे ओंडके घालून दोन्ही दांड्या बंद केल्या. सकाळी काच तव्याच्या बुडासारखी झाली होती आणि घरभर डांबराचा वास होता. गुदमरलेल्या लाकडाचे न जळलेले वायू धुराड्याच्या गार भिंतींवर डांबर होऊन साचतात आणि पुढे कधीतरी ते डांबरच धुराड्यात पेटू शकते, हे मुलीने मला ज्या शांतपणे सांगितले, त्यापेक्षा ती ओरडली असती तर परवडले असते.

आता सांगणारा मी आहे. पेटवताना दोन्ही दांड्या पूर्ण उघड्या ठेवायच्या. लाकडाने चांगला पेट घेतला की खालची हळूहळू मिटायची. वरची मात्र कधीही पूर्ण मिटायची नाही. ओल्या लाकडापुढे दोन्ही दांड्या हतबल आहेत, ते आधी वाळलेलेच हवे.

"खालची मिटलीस?"

"मिटली."

फोनच्या पडद्यावर ज्वाळा आता ओंडक्याला चिकटून धडधडत नाहीत. त्या पेटीच्या छतापाशी, लाकडापासून सुटून, पाण्यातल्या शेवाळासारख्या संथ हलत आहेत. काचेवर एका कोपऱ्यात काजळी उरली आहे, ती उद्या राखेत बुडवलेल्या ओल्या कागदाने पुसली की निघेल.

"आता वरची थोडी कमी कर."

"थोडी म्हणजे किती, बाबा?"

मी अंगठा आणि तर्जनी यांच्यात जेमतेम बोटभर अंतर ठेवून हात कॅमेऱ्यासमोर धरतो.

"एवढी."