नऊशे घोड्यांचा कडबा कुठं रचायचा?

आत्याच्या जागेचा वर्ग २ चा घोळ निस्तरायला मागच्या महिन्यात चार हेलपाटे झाले. कधीकाळी सरकारनं दिलेली जागा, त्यामुळं उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकायची म्हटली की परवानगी आली, सरकारला भरायचा नजराणा आला, आणि खिडकीपाशी गेलं की साहेब मीटिंगला. सोलापुरात सात रस्त्यावरून रिक्षा करून जायचं, बाकड्यावर बसायचं, घाम पुसायचा, परत यायचं. चौथ्या खेपेला टाईमपास म्हणून मोबाईलवर जुन्या मुंबईच्या ट्रामचं वाचत बसलो आणि डोक्यात किडा शिरला, की आपल्या तीन गुंठ्याला ही गत तर ट्राम कंपनीला सरकारी जागा कशी सुटत असेल?

मला आपलं वाटायचं ट्रामला जागा लागते म्हणजे रुळांना लागते. पण रूळ तर रस्त्यातच ना. रस्ता विकत घ्यावा लागत नाही, तिथं फक्त परवाना, आणि रस्ता नीट ठेवायची अट. ब्रिटनच्या १८७० च्या ट्रामवे कायद्यात तर रुळांच्या मधला रस्ता आणि बाहेरचा १८-१८ इंचाचा पट्टा कंपनीनं दुरुस्त ठेवायचा असं लिहूनच ठेवलं होतं. (आमच्या गल्लीत केबलसाठी खणलेली चर बघून हे वाचलं तर रडूच येतं.)

खरी जागा लागते ती घोड्यांना. मुंबईत ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी, तिकीट तीन आणे. चालवणारी स्टर्न्स अँड किट्रेज नावाची कंपनी, आणि तिच्याकडं ९०० घोडे होते असं सांगतात. आता हे शहरातल्या माणसाला नुसता आकडा वाटेल. माझ्या मामाकडं मंगळवेढ्याला दोन बैल आहेत, दोन! त्यांच्या वर्षाच्या कडब्याची गंजी रचली की अर्धं अंगण जातं, वर उकिरडा वेगळा, पाण्याचा हौद वेगळा. मग नऊशे घोड्यांचं दाणा-गवत, लीद, नाल ठोकणारे, आजारी घोडी बांधायला बाजूला जागा, आणि रिकामे डबे लावायला शेड, हे सगळं परत मार्गाला चिकटूनच पाहिजे, कारण घोडा दमला की बदलायचा असतो. गावाबाहेर स्वस्तात जागा मिळाली तरी उपयोग नाही. कुलाब्याला आज बेस्टचं इलेक्ट्रिक हाऊस आहे ना, तिथं त्या कंपनीचे तबेले होते.

आणि मुंबईत त्या काळी सरकार स्वतःच मोठं जमीनदार. १८६० च्या दशकात फ्रिअर गव्हर्नर असताना फोर्टची तटबंदी पाडली, त्यातून निघालेल्या जागेचे प्लॉट पाडून सरकारनं विकले. मुंबई बेटाला आपल्यासारखा सातबारा नाही, १८७६ चा महसूल कायदाच वेगळा.

पण मला गंमत वाटते ती भावाची. ट्राम जिथून जाते तिथला भाव चढतो, म्हणजे सरकारनं कंपनीला जागा आजच्या भावानं द्यायची आणि तो भाव चढवणार ती कंपनीच! कायमची विकली तर चढलेला पैसा तिच्या खिशात, भाडेपट्ट्यानं दिली तर निदान मुदत संपल्यावर परत बोलता तरी येतं. उलट भाव ताणला तर कंपनी म्हणणार मग तिकीट वाढवतो, आणि बोंब मारणार पेठेतला माणूस. मी त्या खुर्चीत असतो तर भाडेपट्टाच केला असता, विकली नसती. आत्या म्हणते तुला खुर्ची देतंय कोण.

पुढं वीज आली, १९०५ मध्ये नवी कंपनी (हीच पुढची बेस्ट), वाडीबंदरला वीज तयार करायचं केंद्र, १९०७ च्या मे महिन्यात विजेवरची ट्राम. मग तबेला नको पण डेपो पाहिजे, कारशेड पाहिजे, म्हणजे जागा काही सुटत नाही. १९४७ ला सगळं महापालिकेकडं आलं आणि ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली. कुलाब्याची जागा मात्र बेस्टकडंच राहिली.

आपल्याकडं सोलापूर शहरात ट्राम नव्हती, आपली बार्शी लाईट रेल्वे. अडीच फुटी रूळ, कंपनी लंडनची, १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, पुढं पंढरपूर, लातूर, मिरज. १९५४ ला सरकारनं विकत घेतली. आजोबा सांगायचे, चढावर गाडी इतकी हळू जायची की लोकं उतरून बरोबर चालायची, खरं खोटं त्यांनाच माहीत.

हे सगळं वाचून होईपर्यंत माझा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी फाईल उलटी-सुलटी केली आणि म्हणाल्या, १९७१ च्या मूळ आदेशाची नक्कल जोडलेली नाही. आत्याच्या ट्रंकेत असेल म्हणून परवा बाळीवेशीतल्या घरी सगळी ट्रंक उपसली. दोन लुगडी, गड्ड्याच्या जत्रेतला काचेचा हत्ती आणि चार जुन्या पावत्या निघाल्या. आता मंगळवारी परत जायचंय.